ब्लेड सोडावे, रेझर राखावा: हातातल्या बॅगेतून दाढीचे सामान नेताना

हैदराबादच्या पूर्व भागातील तारनाका हे नाव मराठी माणसाला परके वाटत नाही. तार म्हणजे तारेचे कुंपण आणि नाका म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवणारी चौकी. निजामाच्या काळात येथे तारेचे कुंपण आणि त्यावर नाका होता, त्यावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. आज तेथे कुंपण उरलेले नाही. मेट्रोचे स्थानक, गजबजलेला चौक आणि आसपास विद्येची मोठी वसाहत असे तारनाक्याचे आजचे रूप आहे. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ, त्याच परिसरातील इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ, १९५८ पासून हैदराबादेत असलेली राष्ट्रीय पोषण संस्था, १९४४ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून वाढलेली भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि जवळच असलेले सीसीएमबी हे जीवशास्त्राचे संशोधन केंद्र, या साऱ्या संस्था एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत.

संशोधनवृत्तीची मुलाखत, प्रवेशाची चाचणी, प्रबंधाची तोंडी परीक्षा किंवा एखाद्या चर्चासत्रातील निबंधवाचन अशा कामांसाठी गोव्यातून कोणी तिकडे जातो, तेव्हा मुक्काम बहुधा एका किंवा दोन रात्रींचा असतो. मोपा किंवा दाबोळीहून विमानाने जायचे, पाठीवर एकच बॅग घ्यायची आणि काम आटोपून परतायचे, असा बेत असतो. सामानाच्या पट्ट्याजवळ ताटकळत राहणे नको म्हणून चेक-इन सामान टाळले जाते. अशा बॅगेत प्रमाणपत्रांची फाइल, इस्त्रीचा सदरा, लॅपटॉप आणि दाढीचे सामान इतके हमखास असते. आणि नेमके या शेवटच्या वस्तूपाशी प्रवासी अडतो. तारनाक्यावरचा नाका गेला, पण त्याच्याआधी विमानतळावरचा नाका ओलांडावाच लागतो.

एकदाच वापरून टाकायचा प्लास्टिकचा रेझर वापरणाऱ्याला ही अडचण सहसा येत नाही. ती येते जुन्या पद्धतीने दाढी करणाऱ्याला. दुधारी ब्लेडचा धातूचा रेझर, ब्रश, वाटीतला साबण आणि शेवटी तुरटी हा त्याचा नित्यक्रम असतो. हा क्रम पाळणारे केवळ वयस्कर लोक नाहीत. कातडीवर पुरळ उठते म्हणून, खर्च कमी येतो म्हणून किंवा प्लास्टिकचा कचरा नको म्हणून तरुणही पुन्हा या रेझरकडे वळत आहेत. काहींच्या हातातला रेझर आजोबांचा असतो. तारवटी म्हणून बोटीवर गेलेल्या माणसाने परदेशातून आणलेला, पितळेवर निकेलचा मुलामा दिलेला असा जड रेझर एखाद्या गोमंतकीय घरात अजून सापडतो. असा रेझर तपासणीच्या टेबलाजवळच्या पेटीत टाकावा लागला, तर ती हानी पैशांत मोजता येत नाही. ती टाळणे अवघड नाही. त्यासाठी नियमाला नेमके काय नको आहे, एवढे समजून घ्यावे लागते.

नियमाचा रोख कशावर?

भारतात विमानप्रवासाच्या सुरक्षेचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवतो आणि बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर, २००० सालापासून, जयपूरने आरंभ होऊन एकेका विमानतळाची सुरक्षा या दलाकडे सोपवण्यात आली. पुढच्याच वर्षी ११ सप्टेंबरला अमेरिकेत चार विमाने पळवली गेली आणि लहानशा पात्यानेही विमान ताब्यात घेता येते हे जगाला कळले. तेव्हापासून सुटे, उघडे, हातात धरून वापरता येईल असे पाते केबिनमध्ये नको, हे तत्त्व जगभर रूढ झाले.

या तत्त्वाच्या उजेडात दाढीच्या साधनांकडे पाहिले की वर्गवारी स्पष्ट होते. वस्तरा म्हणजे उघडे पातेच, म्हणून तो केबिनमध्ये चालत नाही. दुधारी ब्लेड कागदात गुंडाळलेले असो, पाकिटात असो वा रेझरमध्ये बसवलेले असो, ते सहज सुटे करता येते, म्हणून तेही चालत नाही. प्लास्टिकच्या साच्यात पक्के बसवलेले कार्ट्रिज किंवा वापरून टाकायचा रेझर यांतील पाती काढायची तर साचा मोडावा लागतो, म्हणून त्यांना सामान्यतः मुभा असते. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे दाढीचे यंत्रही सामान्यतः नेता येते.

आता उरतो तो ब्लेड काढलेला धातूचा रेझर. त्याला धार नसते. एक मूठ, एक पट्टी आणि एक टोपण एवढाच तो ऐवज. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने तर बिनब्लेडचा रेझर हातातल्या सामानात चालतो, ब्लेडसह चालत नाही, असे स्पष्टच म्हटले आहे. इतरत्रही अटकाव असतो तो ब्लेडला. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. एखादी वस्तू आत न्यावी की नाही याचा अंतिम निर्णय तपासणीच्या जागी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचा असतो आणि तो मानावा लागतो. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील मनाई असलेल्या वस्तूंची यादी वाचावी आणि मोल करता येणार नाही असा रेझर असेल तर अधिक सावध राहावे.

यंत्राच्या पडद्यावर

तपासणीच्या यंत्रातून बॅग जाते तेव्हा क्ष-किरण दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे असतात. कोणता पदार्थ कोणते किरण किती शोषतो, यावरून यंत्र त्याला रंग देते. कापड, कागद, साबण, अन्न असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळे दिसतात आणि मधल्या घनतेचे किंवा मिश्र पदार्थ हिरवे दिसतात. फार दाट वस्तू काळपट दिसते, कारण तिच्यातून किरण पुरेसे पार होत नाहीत.

दुधारी ब्लेड सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते. ते आडवे असेल तर पडद्यावर फिकट निळे दिसते आणि उभे असेल तर बारीक गडद रेघ उमटते. पाच किंवा दहा ब्लेडचे पाकीट मात्र एक ठसठशीत ठोकळा म्हणून दिसते. पितळी रेझरचे डोके तर इतके दाट असते की त्याच्या आत ब्लेड आहे की नाही, हे पडद्यावरून सांगणे कर्मचाऱ्यालाही कठीण जाते. म्हणून जोडलेला रेझर पाहिला की बॅग बाजूला काढली जाते, उघडली जाते आणि रांगेतला वेळ खर्ची पडतो.

यावर उपाय सोपा आहे. तीन भागांचा रेझर असेल तर तो घरीच सुटा करावा. मूठ, पट्टी आणि टोपण हे तिन्ही भाग एका पारदर्शक पिशवीत ठेवावेत आणि ती पिशवी बॅगेच्या वरच्या कप्प्यात असावी. ब्लेड नाही हे मग यंत्रालाही दिसते आणि डोळ्यांनाही. काही जुन्या रेझरांच्या मुठीचे टोक फिरवले की डोक्याची दोन दारे उघडतात. असा रेझर सुटा होत नाही. तो दारे उघडून पिशवीत ठेवावा. कर्मचाऱ्याने विचारले तर आत ब्लेड नसल्याचे शांतपणे दाखवावे. दाढीच्या पिशवीचे सगळे कप्पे आदल्या रात्री झटकून पाहणेही अगत्याचे आहे. मागच्या प्रवासात कोपऱ्यात राहिलेले एखादे कागदी वेष्टनातले ब्लेड बरेचदा तेथेच सापडते.

साबण, क्रीम आणि शंभर मिलिलिटर

ब्लेडनंतरचा दुसरा नियम द्रवपदार्थांचा आहे. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये एक कट उघडकीस आला. पेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेऊन अटलांटिकवरील विमाने उडवून देण्याचा तो बेत होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव, जेल, मलम आणि फवारे यांवर मर्यादा आली. प्रत्येक डबी किंवा बाटली जास्तीत जास्त १०० मिलिलिटरची असावी आणि त्या सर्व मिळून एक लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत मावाव्यात, असे हे माप. येथे हिशेब बाटलीच्या क्षमतेचा असतो, आत उरलेल्या द्रवाचा नव्हे. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला चार थेंब असले तरी ती बाद ठरते. युरोपातील काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे ही अट सैल झाली आहे, पण मधल्या किंवा परतीच्या विमानतळावर जुनेच माप लागू असू शकते. देशांतर्गत प्रवासातही याच मापात सामान बांधले तर वाद उद्भवत नाही.

गंमत अशी की जुन्या पद्धतीची दाढी या नियमात सर्वांत सहज बसते. डब्यातून फसफसून येणारा फेस हा फवारा समजला जातो आणि त्याचे मोठे डबे १०० मिलिलिटरच्या मापात बसत नाहीत. क्रीमची ट्यूब चालते, पण तिची गणना मलमात होते, म्हणून माप पाहावे लागते. दाढीच्या साबणाची घट्ट वडी मात्र घन पदार्थ आहे. तिला द्रवाचा नियम लागूच होत नाही. तुरटीचा खडाही तसाच. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियम यांचे सल्फेट. ती कातडी आकसवते आणि बारीक ओरखड्यातून येणारे रक्त थांबवते. काचेच्या बाटलीतील आफ्टरशेव्ह घरी ठेवून तुरटीचा लहानसा खडा डबीत घेतला की एक द्रव कमी होतो आणि बाटली फुटण्याची धास्तीही उरत नाही.

ब्रशला कोणताच नियम आडवा येत नाही, पण ओला ब्रश बंद डबीत ठेवला तर त्याला कुबट वास येतो आणि केसांत बुरशी धरते. गोव्याच्या दमट हवेत हे लवकर घडते. म्हणून निघायच्या सकाळी दाढी केल्यावर ब्रश झटकून कोरड्या पंचाने टिपावा आणि हवा खेळेल अशा कापडी पिशवीत ठेवावा. कृत्रिम केसांचा ब्रश लवकर वाळतो, म्हणून प्रवासाला तो अधिक सोयीचा. रेझर, ब्रश, साबण आणि तुरटी हे सारे मिळून पाव-अर्धा किलोत बसते. केबिन बॅगेच्या सात किलोंच्या मर्यादेत त्याचे ओझे होत नाही.

ब्लेड मुक्कामाच्या गावी

राहिले ब्लेड. ते घरून न्यायचेच नाही आणि पोहोचल्यावर विकत घ्यायचे, हा या साऱ्या व्यवहाराचा कणा आहे. हे शक्य होते ते दुधारी ब्लेडच्या इतिहासामुळे. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन विक्रेत्याने बदलता येणाऱ्या पातळ ब्लेडचा रेझर बाजारात आणला तेव्हा, १९०३ या पहिल्या वर्षी, त्याचे केवळ ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकले गेले. १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या पिशव्यांतून हा रेझर जगभर पसरला. पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही ब्लेड काढली. १९३० च्या सुमारास मधल्या लांबट खाचेचा आकार सर्वांनी जवळपास एकसारखा स्वीकारला. म्हणूनच आजोबांच्या रेझरमध्ये आज कोणत्याही कंपनीचे दुधारी ब्लेड बसते. कार्ट्रिजचे तसे नाही. एका कंपनीचे कार्ट्रिज दुसरीच्या मुठीवर बसेलच असे नसते.

भारतात तर दुधारी ब्लेडचे पाकीट शोधावे लागत नाही. हा देश अशा ब्लेडच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक असून ठाण्याच्या कारखान्यातून निघालेली ब्लेड परदेशांतही गेली आहेत. तारनाक्याच्या चौकात, विद्यापीठाच्या वसतिगृहांभोवती किंवा मेट्रो स्थानकाच्या खाली असणाऱ्या एखाद्या किराणा वा जनरल स्टोअरमध्ये पाच ब्लेडचे पाकीट मिळते आणि ते मागायला तेलुगू यावे लागत नाही. एका साध्या ब्लेडची किंमत चहाच्या कपापेक्षाही कमी असते. शमशाबादच्या विमानतळापासून तारनाका तीसहून अधिक किलोमीटर दूर आहे. रात्री उशिरा पोहोचणाऱ्याने दुकाने बंद होण्यापूर्वी वाटेतच खरेदी उरकावी.

येथे एक व्यावहारिक सूचना महत्त्वाची आहे. ब्लेड सगळ्या रेझरांत बसत असले तरी सगळी ब्लेड सारखी नसतात. पोलाद, धारेचा कोन आणि धारेवर दिलेला लेप यांत फरक असतो. एखादे ब्लेड सवयीच्या ब्लेडपेक्षा अधिक धारदार निघते आणि नेहमीच्या जोराने फिरवलेला हात कातडी कापतो. म्हणून अनोळखी ब्लेडची पहिली दाढी मुलाखतीच्या सकाळी करू नये. आदल्या संध्याकाळी ते बसवून पाहावे, जोर न देता रेझरच्या स्वतःच्या वजनावर फिरवावे आणि ब्लेड गालाशी सुमारे तीस अंशांचा कोन करील असे धरावे. सकाळी मग फक्त हलका हात फिरवणे उरते.

फेस का येत नाही?

गोव्याचा माणूस हैदराबादला पोहोचतो, ब्लेड आणतो, साबण घोळतो आणि फेसच येत नाही, असेही घडते. दोष बहुधा साबणाचा नसतो, पाण्याचा असतो. ओपा किंवा साळावलीसारख्या प्रकल्पांतून नळाला येणारे गोव्याचे पाणी नदीचे, पावसावर पोसलेले आणि मृदू असते. हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर वसले आहे. तेथे कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. अनेक वसतिगृहे आणि लॉज अशा पाण्यावर किंवा टँकरवर अवलंबून असतात. हे क्षार साबणातील स्निग्ध आम्लांशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा पांढरट चोथा तयार होतो. साबण त्यातच खर्ची पडतो, फेस पातळ राहतो आणि ब्लेड कोरड्या कातडीवर ओढल्यासारखे चालते.

यासाठी अर्धा पेला गाळलेले पिण्याचे पाणी पुरते. चेहरा नळाच्या पाण्याने धुवावा, पण ब्रश भिजवायला आणि फेस करायला पिण्याचे पाणी घ्यावे. शुद्धीकरण यंत्रातून आलेल्या पाण्यात क्षार फार थोडे असतात, त्यामुळे फेस घरच्यासारखा दाट येतो. गरम पाण्याचा पंचा दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर धरला तर आणखी चांगले. केसात पाणी मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला कोरड्या केसापेक्षा पुष्कळ कमी जोर लागतो. ओल्या दाढीचे सारे मर्म या दोन-तीन मिनिटांत आहे.

सलूनमध्ये जायचे तर

ब्लेड, पाणी, फेस ही सारी यातायात नको असे वाटणाऱ्याला कोपऱ्यावरचे सलून आहेच. प्रवासात ही सोय मोलाची आणि कुशल हाताची दाढी सुखावह. येथेही मुद्दा ब्लेडचाच असतो. सलूनमधला आजचा वस्तरा हा बहुधा ब्लेड बसवायची मूठ असतो. कारागीर दुधारी ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग तीत बसवतो. हे अर्धे ब्लेड प्रत्येक ग्राहकासाठी नवे असले पाहिजे. हिपॅटायटिस-बी आणि हिपॅटायटिस-सी हे यकृताचे आजार रक्तावाटे पसरतात. त्यांतील बी प्रकारचा विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकू शकतो. दिसणारही नाही इतका रक्ताचा अंश त्याला पुरतो. म्हणून खुर्चीत बसल्यावर नवे ब्लेड आपल्यासमोर वेष्टनातून काढायला सांगावे. चांगला कारागीर हे न सांगताच करतो आणि सांगितल्याबद्दल त्याला राग येत नाही. स्वतःच आणलेल्या पाकिटातले एक ब्लेड पुढे केले तरी चालते. वसतिगृहातील मित्राचा रेझर उसना घेणे मात्र याच कारणाने टाळावे.

खरा धोका परतीचा

जाताना माणूस सावध असतो. घरी रेझर सुटा करतो, कप्पे तपासतो, यादी वाचतो. घोटाळा होतो तो परतताना. मुलाखत झालेली असते, मन मोकळे किंवा विचारात गुंतलेले असते, पहाटेची दाढी घाईत उरकलेली असते आणि ब्लेड रेझरच्या डोक्यातच राहून जाते. उरलेली तीन-चार ब्लेडही पाकिटासह पिशवीत जातात. मग शमशाबादच्या तपासणीत बॅग बाजूला काढली जाते. विमान सुटायला थोडाच वेळ उरलेला असतो आणि चेक-इन सामान तर काहीच नसते.

अशा वेळी घाबरून संपूर्ण रेझर पेटीत टाकण्याची गरज नसते. मनाई ब्लेडला आहे. कर्मचाऱ्याला सांगून, त्याच्या देखत आणि त्याच्या परवानगीनेच रेझर उघडावा, ब्लेड आणि पाकीट तेथे जमा करावे आणि रिकामा रेझर परत मिळावा अशी विनंती करावी. आवाज चढवला तर वेळही जातो आणि रेझरही. विनंती मान्य झाली नाही आणि हाताशी वेळ असेल, तर दुसरी वाट उरते. विमान कंपनीच्या खिडकीवर परत जाऊन बॅग चेक-इन करता येते. देशांतर्गत उड्डाणांच्या बहुतेक नेहमीच्या तिकिटांत पंधरा किलो चेक-इन सामानाची सवलत असते. केवळ हातातल्या सामानाचे स्वस्त तिकीट असेल तर वेगळे पैसे पडतात, पण वडिलोपार्जित वस्तू वाचते. लॅपटॉप, पॉवर बँक आणि मूळ प्रमाणपत्रे मात्र आधी बाहेर काढून हातात ठेवावीत. सुटी बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही.

हे सारे टाळायचे तर परतीच्या सकाळचा एक छोटा नेम पुरेसा आहे. दाढी झाली की रेझर लगेच उघडावा, ब्लेड बाहेर काढावे, तिन्ही भाग धुऊन पुसावेत आणि सुटेच ठेवावेत. न उघडलेली ब्लेड वसतिगृहातल्या कोणाला किंवा लॉजच्या व्यवस्थापकाला देऊन टाकावीत. वापरलेले ब्लेड जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर ब्लेड असे लिहूनच कचऱ्यात टाकावे. सुटे टाकलेले ब्लेड पिशवीचे प्लास्टिक सहज कापते आणि मग कचरा उचलणाऱ्याचा हात कापते. विमानतळाच्या नियमाने ज्या पात्यापासून प्रवाशांना जपले, त्याच पात्यापासून त्या हातालाही जपायला हवे.

एवढी खटपट कशासाठी?

दोन दिवसांसाठी प्लास्टिकचा रेझर घ्यावा, वापरावा आणि टाकावा, हा मार्ग नक्कीच सोपा आहे आणि ज्याला तो सोयीचा वाटतो त्याने तो अवश्य धरावा. वारंवार प्रवास करणाऱ्याच्या मागे मात्र अशा रेझरांचा ढीग साचत जातो. प्लास्टिक, रबर आणि पोलाद एकत्र जखडलेले असल्याने तो वेगळा करून पुन्हा वापरात आणणे कठीण असते. दुधारी ब्लेड म्हणजे केवळ पोलादाची पातळ पट्टी, आणि मूठ तर एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते. शिवाय ज्यांच्या कातडीला एकावर एक बसवलेल्या पात्यांचा त्रास होतो, त्यांना महत्त्वाच्या दिवशी ओळखीचे साधन हाताशी असणे मोलाचे वाटते.

ज्याला यातले काहीच नको, त्याच्यासाठी वास्कोहून सिकंदराबादला जाणारी रेल्वेही आहे. सिकंदराबाद स्थानकापासून तारनाका काही किलोमीटरवरच आहे आणि विमानतळासारखी ब्लेडची झडती त्या वाटेवर होत नाही. विमानानेच जायचे तर मात्र हिशेब सरळ आहे. मूठ, ब्रश, साबण आणि तुरटी घरून न्यावी, ब्लेड मुक्कामी घ्यावे आणि परतताना तेथेच सोडावे. तारनाक्याच्या एखाद्या खोलीत मुलाखतीच्या सकाळी आरशासमोर उभ्या राहिलेल्या उमेदवाराच्या हातात मग आजोबांचाच रेझर असतो. संध्याकाळच्या विमानाने तो गोव्याला परत येतो, आणि ब्लेड मागे राहिले तरी रेझर त्याच्याबरोबर घरी पोहोचतो.